चावडीतली टोप्यांची डबी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच धड जमलं नाही. चौथी झाल्यावर पाटी सुटली ती सुटलीच. तेव्हा ही पानं चुकून कुणाच्या हाती लागली तर चुकांकडे बघू नये, एखादा शब्द लागला नाही तर तो सोडून पुढे जावं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहिते.

परवा गल्लीत लग्न होतं. वरात वेशीत आली तेव्हा नवऱ्याकडच्या कुणीतरी हौसेनं बंदुकीचे बार काढले. पोरंबाळं खूश झाली. मी अक्षता हातात तशाच धरून घरात आले आणि सोप्यात भिंतीला टेकून बसले. सूनबाई मागून आली. "आत्ती, भ्यालासा का काय?" म्हणाली. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. खरं कारण सांगायला किती मागं जावं लागलं असतं.

मी या घरात आले तेव्हा जर्मनची लढाई सुरू होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि आम्ही दोघं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे पलटणीत भरती झाले आणि मग मोठ्या घरात मामंजी आणि मी दोघंच उरलो. नदीकाठाला आमचा ऊस होता. उसात रानडुकरं शिरायची, एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवायची. त्यासाठी घरात ठासणीची बंदूक होती. सोप्यात दाराच्या वरच्या खुंटीला ती टांगलेली असे. नळीत वरून दारू आणि छर्रे ठासायचे, आणि मागं घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडतो. टोपी नसली तर बंदूक म्हणजे नुसता लोखंडी दांडा. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मी तिच्याखालून जाताना मान खाली घालून जायची, इतकंच.

दर वर्षी परवाना नवा करायला मामंजी तालुक्याला जात. धुतलेलं धोतर, पटका आणि बंदूक खांद्यावर. तिथला कारकून बंदुकीवरचा नंबर कागदाशी ताडून बघायचा, दारू किती, शिसं किती ते विचारायचा, पैसे घ्यायचा आणि शिक्का मारायचा. बंदूक घरात कुठं टांगता, भरलेली टांगता की रिकामी, घरात कोण वावरतं, हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. मामंजींना परवान्याचा फार अभिमान. तो कागद ते पंचांगात जपून ठेवत.

आमच्या घरात खंडेनवमीची एक रीत होती. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, घोंगडीवर मांडून पूजा करायची. विळे, कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ, आणि मधे बंदूक. जसं देवापुढं रिकामं ताट ठेवत नाहीत, तशी बंदूकही रिकामी ठेवायची नाही, असं मामंजींच्या वडिलांपासून चालत आलेलं. म्हणून आदल्या दिवशी ती मुद्दाम भरायची, टोपीसकट. हळदकुंकू घरच्या बाईनं लावायचं. सासूबाईंच्या मागं ते काम माझ्याकडं आलं.

त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस गावातल्या शिकलगाराला उसंत नसे. सगळ्या गावच्या हत्यारांना तो धार लावायचा. चुलीजवळच्या माझ्या विळीपासून खाटकाच्या सुऱ्यापर्यंत. त्याची साण म्हणजे दगडी चाक. त्याची बायको समोर बसून चाकाची चामड्याची वादी ओढायची, चाक फिरायचं, आणि तो पातं चाकाला लावून धरायचा. दोघांचं एकमेकांशी बोलणं मी कधी ऐकलं नाही. चाकाचा आवाजच इतका असायचा. तिला मी चाची म्हणत असे. ती मला पोरी म्हणायची.

त्या वर्षी खंडेनवमीला शिकलगार शेवटचे कोयते घेऊन आला. मामंजी म्हणाले, "बस गड्या, नारळ फोडतो, परसाद घिऊन जा." तो उंबऱ्याच्या अलीकडं बसला. बंदूक भिंतीला तिरपी टेकवून ठेवली होती. मी तिच्यावर हळदकुंकू वाहून आत वळले होते. मामंजींनी दगडावर नारळ आपटला. त्या हादऱ्यानं म्हणा, नाहीतर घोंगडी सरकली म्हणून म्हणा, बंदूक घसरली आणि घोडा उंबऱ्याच्या दगडावर आदळला.

आवाज किती मोठा होता ते मला सांगता येत नाही. नंतर बराच वेळ मला काहीच ऐकू येत नव्हतं. सोपा धुरानं भरला होता. शिकलगार बसल्या जागीच बसलेला होता, आणि उजवा हात डाव्या हातानं मनगटाशी धरून त्याच्याकडं असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मामंजींच्या हातात नारळाची अर्धी वाटी तशीच होती.

बैलगाडीत घालून त्याला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीची बोटं राहिली, पण ती मिटत नव्हती.

फौजदार आले. घोंगडी, उंबरा, बंदूक सगळं बघितलं. शिकलगारानं जबानी दिली, "बंदूक पडली. कुनी मारली न्हाई." फौजदारांनी परवाना मागितला. मामंजींनी पंचांगातून काढून दिला. नंबर जुळत होता, शिक्का त्याच वर्षाचा होता. फौजदार म्हणाले, "कागद बरोबर आहे." चहा घेतला आणि गेले. मी दाराआडून ऐकत होते. कागद बरोबर होता हे खरंच होतं.

मामंजी वाईट माणूस नव्हते. त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. पण बंदूक त्यांनी पुसून, डुकरांसाठी पुन्हा भरून, त्याच खुंटीला लावली. शिकलगाराच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवलं, त्यावर काही रुपये ठेवले. दुसऱ्या दिवशी चाची ते पोतं आमच्याच गाडीत घालून परत घेऊन आली. तिच्या पायात नेहमीचे चांदीचे वाळे नव्हते. मिरजेच्या खर्चासाठी तिनं तिची सगळी चांदी आष्ट्याच्या सराफाकडं गहाण ठेवली होती, हे गावाला माहीत झालं होतं.

"आवं दादा," ती अंगणातूनच म्हणाली, "जवारी पोटात जाईल. पैसंबी जातील. पर तुमची बंदूक आजबी त्याच खुंटीला भरलेली हाय न्हवं? उद्या दुसऱ्या कुणाचा हात गेला, तर त्येलाबी पोतं धाडाल."

मामंजी म्हणाले, "दैवात व्हतं ते झालं, भैन."

"दैव खुंटीला टांगत न्हाईत," ती म्हणाली, आणि गाडी पोत्यासकट दारात सोडून चालत गेली.

संक्रांतीच्या सुमारास हे रजेवर आले. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पलटणीत असं होऊच शकत नाही. बंदुका कोतात, म्हणजे बंदुकांच्या खोलीत, कुलपात असतात, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. पहाऱ्यावर जाताना मोजून घ्यायच्या, आल्यावर मोजून द्यायच्या. "साहेब असला तरी बंदूक आणि गोळी एका खोलीत न्हाई निजत," असं ते म्हणाले. त्यांनी मामंजींजवळ तो विषय काढला. मामंजी ताटावरून उठले. "घर म्हंजे पलटण न्हवं. डुकरं काय बिगुल वाजवून येत्यात व्हय रं?" हे हसले, पण मामंजी हसले नाहीत. रजा संपली, हे गेले.

एकदा नदीवर धुणं धुताना चाची माझ्या शेजारच्या दगडावर बसली होती. तिथं दुसरं कुणी नव्हतं म्हणून माझ्या तोंडून निघालं. कोत, दोन खोल्या, दोन कुलपं, सगळं मी तिला सांगितलं. ती धुणं आपटायची थांबली. "म्हंजे बंदूक एका घरात आन् टोप्या दुसऱ्या घरात?" म्हणाली. मी मान हलवली. तिनं पातळ पिळलं, पुन्हा पिळलं, पाणी निघत नव्हतं तरी पिळत राहिली.

त्यानंतर आठवड्याभरात गावात कळलं की ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्या हत्यारांना शिकलगार धार लावणार नाही. आधी टोप्या चावडीत जमा करायच्या, बंदुका रिकाम्या ठेवायच्या, मग कोयते आणायचे. बाकीच्या गावाचं काम चालू होतं. आता साणेवर पातं चाची धरायची, आणि शिकलगार समोर बसून डाव्या हातानं वादी ओढायचा. सुरुवातीला तिची धार खडबडीत यायची, लोक कुरकुरायचे, पण येत राहायचे.

बंदूकवाल्यांनी हसण्यावारी नेलं. पारावर कुणी म्हणायचं, "आता शिकलगारीण कायदा करनार. मामलेदारानं घरी बसावं." मामंजी कोयते घेऊन आष्ट्याच्या बाजारात गेले. तिथले शिकलगार चाचीचे नात्यातले. त्यातल्या म्हाताऱ्यानं कोयते हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "माल चांगला हाय, पाव्हणं. पर आमच्या सोयऱ्याचा हात तुमच्या सोप्यात पडलाय. तो घिऊन या, मग लावतो धार." मामंजी कोयते तसेच घेऊन घरी आले. हे मला गाडीवानानं सांगितलं. मामंजींनी सांगितलं नसतं.

ऊसतोड सुरू झाली. बोथट कोयत्यानं ऊस तुटत नव्हता, चेचत होता. आमच्याकडं माणसं कामाला यायला नाखूश झाली. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, काढताना माझ्या तळहाताला फोड आले. माझी विळीही बोथट. भाजी चिरायची म्हणजे फाडायची. मला त्याचा राग येत नव्हता. आणि मामंजींचाही येत नव्हता. ते रोज संध्याकाळी दगडावर कोयता घासत बसत. त्यांना ते काम येत नव्हतं. शिकलगाराच्या घरापुढून जायला नको म्हणून मळ्याला लांबच्या वाटेनं जात.

ते दिवसच तसे होते. डोंगराकडं चळवळीची माणसं लपत होती, पोलीस गावोगाव फिरत होते. मधे त्यांनी सगळ्या बंदुका ठाण्यात नेऊन ठेवल्या आणि काही महिन्यांनी परत दिल्या. त्या महिन्यांत आमच्या खुंटीला फक्त दोर होता. मी एकदाही मान खाली घालून तिथून गेले नाही. हे मला बंदूक परत आली त्या दिवशी लक्षात आलं.

पुन्हा खंडेनवमी आली. आदल्या दिवशी मामंजींनी बंदूक खाली घेतली, दारूची शिंगाडी, म्हणजे शिंगाची कुपी, काढली आणि मला हाक मारली. "पोरी, चिंधी आन नळीला."

मी दाराआड उभी होते. चिंधी माझ्या हातात होती. मामंजींपुढं मी तोवर हो आणि नाही याशिवाय काही बोलले नव्हते, आणि नाही म्हणायची वेळ तर आलीच नव्हती.

मी म्हटलं, "मामंजी, भरलेल्या बंदुकीला मी हळदकुंकू लावणार न्हाई."

त्यांना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं. ते ठासणीचा गज पुसत होते. मग म्हणाले, "काय म्हनलीस?"

"मी लावणार न्हाई. दुसऱ्या कुणाला बोलवा."

दुसरी बाई घरात नव्हती. घरच्या बाईच्या हळदकुंकवावाचून हत्यारं पुजली जात नाहीत. मी चौकटीला धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. उंबऱ्याकडं बघितलं. दगडाला घोड्याची खूण होती, मी कितीदा सारवलं-पुसलं तरी ती जात नव्हती.

"माझ्या बापानं कधी रिकामी ठेवली न्हाई," ते म्हणाले.

मी चिंधी दिली नाही, हातातच ठेवली.

त्यांनी दारूची शिंगाडी बूच लावून बाजूला ठेवली. टोप्यांची डबी उचलली. ती पत्र्याची होती, तपकिरीची असते तशी. पटका बांधला आणि बाहेर पडले. मी आडोशानं मागं गेले. ते लांबच्या वाटेनं गेले नाहीत. शिकलगाराच्या दारात जाऊन उभे राहिले. शिकलगार साणेजवळ होता, चाची पातं धरून होती.

मामंजी म्हणाले, "चल गड्या, चावडीत. तू असल्याबिगर मी डबी कुनाच्या हातात दिऊ?"

शिकलगारानं वादी खाली ठेवली. चाक आपोआप थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

चावडीत पाटील होते, बंदूकवाले जमले, बघेही जमले. आम्ही बायका पाराच्या आड. चाची मात्र पायरीवर जाऊन बसली. मामंजींनी डबी पाटलांपुढं ठेवली आणि म्हणाले, सगळ्यांनी ठेवाव्या.

एकानं विचारलं, "आन् रातचं डुक्कर उसात शिरलं तर? पाटलाला उठवायचं व्हय?"

पाटील म्हणाले, "उठव की. म्हस व्याली तवा न्हाई का उठवलंस? तवा तर उसात डुक्कर बी न्हवतं." लोक हसले. मग ठरलं की राखणीला जाणाऱ्यानं संध्याकाळीच येऊन अंगठा उठवून लागतील तेवढ्या टोप्या न्याव्या, सकाळी उरलेल्या परत कराव्या. प्यालेल्याला मिळणार नाहीत. लग्नात, जत्रेत, खंडेनवमीला एकही टोपी चावडीबाहेर जाणार नाही.

दुसरा एक जण शांतपणे म्हणाला, "समदं खरं. पर दरोडा पडला तर? दिवस कसलं हाईत बघताय न्हवं." ह्यावर कुणी हसलं नाही. ती भीती खोटी नव्हती. त्या वर्षात आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या झाल्या होत्या.

मामंजींनी शिकलगाराचा उजवा हात धरून वर केला. त्याला विचारलंही नाही. "दरोडा मी माझ्या जल्मात बघितला न्हाई," ते म्हणाले. "ह्यो हात बघितला. माज्या सोप्यात, माज्या देवापुढं." त्यांनी हात हळूच खाली ठेवला, जसा होता तसा मांडीवर.

पेटीला दोन कुलपं लावायची ठरली. एक किल्ली पाटलांकडं. दुसरी कुणाकडं यावर थोडी कुजबुज झाली. मामंजी म्हणाले, "शिकलगाराकडं." तसंच झालं. एक घर राहिलं, त्यांनी टोप्या दिल्या नाहीत. त्यांचे कोयते शिमग्यापर्यंत बोथट राहिले. शिमग्यानंतर त्यांचीही डबी आली.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या बंदुकीला हळदकुंकू लावलं. मामंजींनी नारळ अंगणात नेऊन फोडला.

पुढं एकदा मामलेदार फिरतीवर आले असता त्यांनी चावडीत ती पेटी बघितली आणि हे काय म्हणून विचारलं. पाटलांनी सांगितलं. त्यांनी काही शेरा दिला की नाही मला ठाऊक नाही. पण त्या साली मामंजी परवाना करून आले तेव्हा पटका काढता काढता म्हणाले, "कारकुनानं आज इचारलं. टोप्या कुठं असत्यात, म्हनला. आन् लाल शाईनं लिवून घेतलं." हे त्यांनी मला आपण होऊन सांगितलं. अशी गोष्ट ते मला पहिल्यांदाच सांगत होते. आमच्यापुरताच तो प्रश्न होता की सगळ्यांना विचारू लागले, हे मी कधी शोधलं नाही. दुसऱ्या गावांत तेव्हाही लग्नात बार निघत होते, आणि परवा आमच्याही गल्लीत निघाले. ती पेटी आता चावडीत नाही.

टोप्या जमा झाल्या त्या आठवड्यात चाची आमच्या घरी आली होती. या वेळी ती सोप्यात येऊन बसली. वर खुंटीकडं बघितलं, उठली, बंदुकीचा घोडा स्वतः उचलून खाली टोपी नाही हे बघितलं, आणि मग म्हणाली, "आता दादा, मिरजेचा खर्च सांगते. ज्वारी नगं. जेवढं सराफाला द्यायचं तेवढंच." मामंजींनी मान हलवली. गुळाला त्या वर्षी भाव नव्हता, पण त्यांनी पहिली रक्कम गूळ विकल्या दिवशीच नेऊन दिली. दर हंगामाला थोडी थोडी देत राहिले. सराफाचं व्याज चढत होतं, त्यामुळं वेळ लागला.

लढाई संपली, हे घरी आले. स्वराज्य आलं. नदीपलीकडची संस्थानं गेली, आपला जिल्हा तुटून त्याचे दोन झाले. त्याच्या मधेच कधीतरी मामंजी तापानं गेले. परवाना त्यांच्या नावाचा होता. यांनी तो आपल्या नावावर करून घेतला नाही. बंदूक ठाण्यात जमा करून आले. मी काही म्हटलं नव्हतं. डुकरांसाठी आम्ही शेजाऱ्यांबरोबर आळीपाळीनं डबडी वाजवत राखण केली. ऊस थोडा जायचा, तो जायचा.

शेवटची रक्कम राहिली होती. त्या हंगामाचा गूळ गेला तेव्हा यांनी पैसे माझ्या हातावर ठेवले. "तूच जा," म्हणाले.

चाची साणेजवळ होती. शिकलगार वादी ओढत होता. मला बघून दोघांनी काम थांबवलं. मी पैसे तिच्या ओंजळीत ठेवले. तिनं ते शिकलगारापुढं धरले. त्यानं राहिलेल्या बोटांनी एक एक नोट बाजूला करून बघितली आणि मान हलवली. तिनं पैसे पदराच्या गाठीत बांधले, उठली, आणि त्याच पावली आष्ट्याच्या वाटेला लागली. तिन्हीसांजेला ती आमच्या दारावरून परत गेली, तेव्हा तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज मला आतून ऐकू आला. सगळे पैसे फिटले होते.